गोट्टुवाद्य आणि स्टील गिटार

तंतुवाद्यांकडे वादकाच्या डाव्या हाताच्या दृष्टीने पाहिले, तर त्यांचे तीन वर्ग पडतात. सतार, बीन किंवा साधी गिटार यांच्या दांडीवर पडदे असतात. बोटाने तार दाबली की स्वर आपोआप आपल्या जागी सापडतो. सारंगी, सरोद, व्हायोलिन यांना पडदे नसतात. तेथे जागा शोधण्याचे काम बोटालाच करावे लागते. तिसरा वर्ग लहान आहे आणि काहीसा उपेक्षितही आहे. त्यातील वाद्यांवर तार दांडीला टेकेपर्यंत दाबण्याचा प्रश्नच येत नाही. हातात लाकडाचा, काचेचा किंवा पोलादाचा एक गुळगुळीत तुकडा धरायचा, तो तारेवर अलगद टेकवायचा आणि सरकवीत न्यायचा. स्वर तुटत नाही, पायऱ्या उतरत नाही. उतारावरून पाणी ओघळावे तसा तो एका स्थानाहून दुसऱ्या स्थानी जातो.

आपल्या संगीतात दोन स्वरांमधल्या या वाटेला केवढे मोल आहे, हे नभोवाणीच्या जुन्या श्रोत्यांना सांगावयास नको. १९४० साली ऑल इंडिया रेडिओने हार्मोनियमला आपल्या केंद्रांवर मज्जाव केला, तो मुख्यतः या एकाच आक्षेपावरून की, या पेटीला मींड घेता येत नाही आणि श्रुतींचा सूक्ष्म भेद दाखविता येत नाही. ती बंदी पुढे १९७० नंतरच्या काळात शिथिल झाली. परंतु तिच्यामागची जाणीव खोटी नव्हती. पडदा आणि पट्टी स्वराला पक्के घर देतात, पण त्याचे हिंडणे-फिरणे बंद करतात.

या तिसऱ्या वर्गातील दोन वाद्यांची कहाणी आज सांगावयाची आहे. एक म्हणजे म्हैसूरच्या राजदरबारात मानाचे स्थान मिळविलेले गोट्टुवाद्य. आणि दुसरे अमेरिकेच्या डोंगराळ मुलखात, शेतकरी, खाणकामगार आणि रेल्वेमजूर यांच्या गाण्यात जाऊन बसलेले स्टील गिटार. दोन्ही वाद्यांचे तत्त्व एक, दोघांच्या नव्या अवताराचा काळ जवळजवळ एक. असे असता पन्नास-साठ वर्षांत दोघांची रूपे अगदी निराळी का झाली, हा प्रश्न विचार करण्याजोगा आहे.

प्रथम आपल्या घरचे वाद्य पाहू. तारेवर तुकडा सरकविण्याची कल्पना आपल्याकडे नवी नाही, आणि तिचा एक मोठा पुरावा महाराष्ट्राच्याच भूमीवर लिहिला गेला आहे. तेराव्या शतकात देवगिरीच्या सिंघण यादवाच्या पदरी असलेल्या शार्ङ्गदेवाने 'संगीतरत्नाकर' रचला. त्यात एकतंत्री वीणेचे वर्णन येते. या वीणेला एकच तार, आणि पडदा एकही नाही. वादकाने डाव्या हातात कम्रिका नावाची बांबूची काडी धरावी आणि ती तारेवर सरकवून स्वर काढावेत, असा तिचा विधी आहे. म्हणजे आज दौलताबादच्या किल्ल्याखाली ज्या गावाचे अवशेष आपण पाहतो, तेथे सातशेहून अधिक वर्षांपूर्वी हे तंत्र शास्त्रकाराच्या परिचयाचे होते.

मात्र त्या एकतंत्रीपासून आजच्या गोट्टुवाद्यापर्यंत अखंड परंपरा चालत आली, असे म्हणण्यास आधार नाही. मधली कित्येक शतके ही कला पुसट झालेली दिसते. तिचे आधुनिक पुनरुज्जीवन झाले ते तंजावर जिल्ह्यात, एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात. तिरुविडैमरुदूर येथील श्रीनिवासराव यांनी तंबोऱ्याच्या तारांवर ठोकळा सरकवून राग वाजविण्याचे प्रयोग आरंभिले, आणि त्यांचे चिरंजीव सखारामराव यांनी त्या प्रयोगाला मैफलीचे वाद्य बनविले. श्रीनिवासराव, सखारामराव ही नावे ऐकताच मराठी माणसाचे कान टवकारतात. ते स्वाभाविकच आहे. व्यंकोजीराजांनी सतराव्या शतकात तंजावरास जे राज्य स्थापिले, त्याच्या छायेत मराठी कुळे कावेरीकाठी रुजली. इंग्रजांनी १७९८ साली पदच्युत केलेल्या अमरसिंग राजांचा शेवटचा मुक्कामही याच तिरुविडैमरुदूर गावी होता. मराठी, तमिळ आणि तेलुगू या तीन भाषांच्या संगमावर येथले संगीत वाढले. दुसऱ्या सरफोजी राजांच्या काळात तर पाश्चात्त्य बँड आणि पाश्चात्त्य स्वरलेखनही तेथे परिचयाचे झाले होते.

गोट्टुवाद्य हे नाव हातातल्या ठोकळ्यावरून पडले असे मानतात. पुढे त्याला चित्रवीणा असेही म्हणू लागले. भरताच्या नाट्यशास्त्रात सात तारांच्या चित्रा वीणेचा उल्लेख आहे, तिचे हे स्मरण. परंतु नाव प्राचीन म्हणून वाद्यही तेच, असा निष्कर्ष काढणे धाडसाचे होईल. प्रत्यक्ष दिसण्यात हे वाद्य दक्षिणेकडील सरस्वती वीणेची धाकटी बहीण वाटते. फरक इतकाच की वीणेच्या दांडीवर मेणात बसविलेले चोवीस पडदे येथे नाहीत. आजच्या वाद्यावर साधारणतः वीस-एकवीस तारा असतात : काही मुख्य, काही आधारस्वराच्या आणि काही केवळ अनुनादाने झंकारणाऱ्या. वाद्य जमिनीवर आडवे ठेवतात. उजव्या हाताच्या बोटांनी तार छेडायची आणि डाव्या हातातील शिसवी लाकडाचा किंवा शिंगाचा तुकडा तारांवरून फिरवायचा.

सांगताना हे सोपे वाटते. पण वीणावादकाला पडद्याचा आधार असतो. गायकाला स्वतःच्या कंठाची सवय असते. गोट्टुवादकाला यातले काहीच नसते. ठोकळा केसभर पुढे गेला तरी स्वर चढतो, केसभर मागे राहिला तरी उतरतो. त्यातून कर्नाटक संगीतात स्वर क्वचितच स्थिर उभा राहतो. तोडीचा गांधार म्हणजे एक बिंदू नव्हे. ते एक आंदोलन आहे. हे आंदोलन निसरड्या तुकड्याने, तारेचा खडखडाट होऊ न देता, द्रुत लयीतही स्वच्छ काढावयाचे. हे साधले की मात्र वाद्य गाऊ लागते. नामवंत गायक शेम्मंगुडी श्रीनिवास अय्यर यांनी तरुणपणी या सखारामरावांकडे शिक्षण घेतले, ही गोष्ट बोलकी आहे. गाणाऱ्याने वाद्य वाजविणाऱ्याजवळ गाणे शिकावे, यात त्या वाद्याच्या गायकीची पावतीच आहे.

१८५५ साली तंजावरचे राज्य इंग्रजांनी खालसा केले. राजा गेला की गवय्या-बजवय्यांची उतरंड ढासळते. तंजावरच्या कलावंतांनी त्रावणकोर, म्हैसूर, मद्रास अशा वाटा धरल्या. त्यांत म्हैसूरचा आश्रय सर्वांत दीर्घकाळ टिकला. नाल्वडी कृष्णराज वोडेयर हे १८९४ पासून १९४० पर्यंत गादीवर होते. वीणा शेषण्णांसारखे वैणिक त्यांच्या दरबाराचे भूषण होते. उत्तरेकडील गवय्यांनाही येथे मान होता. फैयाजखाँ यांना 'आफताब-ए-मौसिकी' ही पदवी मिळाली ती याच दरबारातून. राजवाड्यात पाश्चात्त्य वाद्यवृंद होता. कृष्णराजांचे पुतणे आणि वारस जयचामराज वोडेयर स्वतः पियानोवादक होते, त्यांनी कर्नाटक संगीतात कृतीही रचल्या. अशा या बहुश्रुत दरबारात सखारामरावांचे शिष्य नारायण अय्यंगार यांचे गोट्टुवाद्य गाजले. त्रावणकोरप्रमाणेच म्हैसूरच्याही राजाश्रयाने त्यांनी हे वाद्य दक्षिणेत प्रतिष्ठेला पोहोचविले. त्यांच्याच पिढीतील बुदलूर कृष्णमूर्ती शास्त्री यांनी मद्रासच्या कलाक्षेत्रात या वाद्याची विद्या पुढच्या पिढीस दिली.

याच म्हैसुरात १९३५ साली महाराजा कॉलेजातील मानसशास्त्राचे प्राध्यापक एम. व्ही. गोपालस्वामी यांनी आपल्या 'विठ्ठल विहार' या घरी एक छोटे ध्वनिक्षेपण केंद्र उभारले, आणि 'आकाशवाणी' हे नाव तेथे प्रचारात आले. हे स्मरण केवळ अभिमानासाठी करीत नाही. गोट्टुवाद्याचा आवाज मुळात मृदू. राजवाड्याच्या दिवाणखान्यात तो पुरे, पण मोठ्या मांडवात हरवतो. मृदू वाद्याला मायक्रोफोन म्हणजे दुसरा राजाश्रयच. आवाज लहान असणे ही बाब किरकोळ वाटेल. परंतु समुद्रापलीकडे दुसऱ्या वाद्याचे सारे भवितव्य याच एका उणिवेने घडविले. म्हणून आता तिकडे वळू.

प्रशांत महासागरातील हवाई बेटांवर गिटार पोहोचली ती एकोणिसाव्या शतकात. गुरे राखण्यासाठी आलेल्या मेक्सिकन गुराख्यांनी ती प्रथम आणली असे सांगतात. बेटवासीयांनी तिच्या तारा सैल करून त्या अशा लावल्या की, बोट न ठेवता छेडल्या तरी एक सुरेल स्वरसमूह निघावा. तारा अशा लागल्या की त्यांवर आडवा धरलेला कोणताही सरळ तुकडा तोच स्वरसमूह वर-खाली नेऊ शकतो. हे ओळखले ओआहू बेटावरील लाइए गावच्या जोसेफ केकुकू नावाच्या मुलाने. त्याने आधी फणी, मग चाकूचा पाठभाग, आणि शेवटी शाळेच्या कर्मशाळेत घडविलेला पोलादी तुकडा वापरला. काळ १८८० ते १८९० च्या दरम्यानचा. गिटार मांडीवर आडवी घ्यायची, तारा दांडीपासून उंच उचलायच्या आणि पोलाद सरकवायचे; त्या पोलादावरूनच 'स्टील गिटार' हे नाव आले. वाद्य लाकडाचेच होते.

येथे एक मोहात पाडणारी कथा भेटते. हवाईत काहीजण या शोधाचे श्रेय गॅब्रिएल डेव्हियन नावाच्या दुसऱ्याच मुलाला देत. हा मुलगा म्हणे हिंदुस्थानात जन्मला होता आणि कोणा खलाशाने त्याला पळवून होनोलुलूस आणले होते. ही कथा हाती धरून, 'स्टील गिटार ही भारताची देणगी' असा जयघोष करणे सोपे आहे. पण ती मागाहून सांगितली गेलेली आठवण आहे. मुलाने आपल्या देशी असे वाद्य ऐकले होते काय, याविषयी काहीच पुरावा नाही. अमेरिकेच्या दक्षिण भागातील निग्रो गायकही गिटारच्या तारांवर चाकू किंवा बाटलीचा गळा घासून वाजवीत. संगीतकार डब्ल्यू. सी. हँडी यांनी मिसिसिपीतील एका रेल्वेस्थानकावर १९०३ च्या सुमारास असे वादन ऐकल्याचे लिहून ठेवले आहे. पतियाळ्याचे अब्दुल अझीझ खाँ विसाव्या शतकाच्या आरंभी विचित्रवीणेवर काचेचा तुकडा फिरवीत होते. इतक्या ठिकाणी इतक्या माणसांना एकच युक्ती सुचावी, यावरून ती कोणी कोणापासून चोरली असे सिद्ध होत नाही. तारेला कंठासारखे गायला लावण्याची भूक सर्वत्र सारखी होती, एवढेच सिद्ध होते.

मात्र हवाई आणि तंजावर यांच्यात एक साम्य योगायोगाहून खोल आहे. हवाईलाही राजे होते, आणि कालाकौआ राजाच्या काळात गायन-नर्तनाला दरबारी प्रतिष्ठा होती. १८९३ साली तेथील राणीला पदच्युत करण्यात आले आणि १८९८ साली बेटे अमेरिकेने आपल्या राज्यास जोडली. तेथील वादकही पोटापाण्यासाठी बाहेर पडले. केकुकू १९०४ साली अमेरिकेच्या मुख्य भूमीवर गेला. परंतु तंजावरच्या कलावंताला म्हैसूर भेटले, तसा हवाईच्या वादकाला दुसरा दरबार भेटला नाही. त्याला भेटली ती नाटकगृहे, जत्रा आणि बाजारपेठ. १९१२ साली न्यूयॉर्कच्या रंगभूमीवर 'बर्ड ऑफ पॅराडाइज' हे नाटक आले. १९१५ साली सॅन फ्रान्सिस्कोस भव्य प्रदर्शन भरले. दोहोंत हवाईचे संगीत ऐकून अमेरिकन माणूस वेडावला. तबकड्या निघाल्या, शिकवण्या सुरू झाल्या, आणि हे वाद्य खेड्यापाड्यांत गेले.

तेथील गोऱ्या कष्टकऱ्यांचे जे लोकगीत पुढे 'कंट्री म्युझिक' म्हणून ओळखले गेले, त्यात त्या वेळी व्हायोलिन आणि बँजो यांचे राज्य होते. पश्चिम व्हर्जिनियातील खाणकामगार फ्रँक हचिसन याने १९२६ साली मांडीवरच्या गिटारवर चाकू फिरवीत आपली गाणी मुद्रित केली. जिमी टार्लटन निग्रो वादकांपासून ही रीत शिकला होता, आणि पुढे हवाईच्या फ्रँक फरेराचीही त्याने गाठ घेतली; त्याने टॉम डार्बीच्या साथीने १९२७ साली गायिलेले 'कोलंबस स्टॉकेड ब्लूज' घरोघरी पोहोचले. रेल्वेत नोकरी केलेला आणि क्षयाने १९३३ साली अकाली गेलेला जिमी रॉजर्स हा या संगीताचा आद्य लोकनायक. त्याने १९२८ साली एल्सवर्थ कोझेन्स आणि १९२९ साली हवाईचा जो कायपो यांना स्टील गिटारच्या साथीला घेतले. घर सोडून दूर गेलेला मजूर, तुरुंगातला कैदी, विझत चाललेले प्रेम हे या गाण्यांचे विषय. सरकत्या तारेतला हुंदका त्यांना असा काही मानवला की, हे वाद्य परक्या बेटावरून आले आहे याचा लोकांना विसर पडला.

आता आवाजाच्या उणिवेचा प्रश्न उभा राहिला. नाचगाण्याच्या गर्दीत लाकडी गिटार ऐकू येईना. स्लोव्हाकियातून आलेल्या डोपिएरा बंधूंनी १९२७ च्या सुमारास गिटारच्या पोटात ॲल्युमिनियमच्या पातळ तबकड्या बसविल्या; त्यांतून धातूच्या झंकाराचे मोठे वाद्य निघाले. त्यांच्याच आडनावावरून 'डोब्रो' हे नाव झाले. नॅशव्हिल केंद्रावरून १९२५ पासून चालत आलेल्या 'ग्रँड ओल ऑप्री' या कार्यक्रमात रॉय एकफच्या साथीला पीट कर्बी हे वाद्य वाजवी. त्याच सुमारास विजेचीही मदत घेण्यात आली. १९३१-३२ साली रिकेनबॅकर कंपनीने तळण्याच्या कढईसारखे दिसणारे एक धातूचे वाद्य काढले. बाजारात आलेल्या पहिल्या विद्युत गिटारांपैकी हे एक, आणि ते मांडीवरचे स्टील गिटारच होते, हे ध्यानात घेण्यासारखे आहे. १९३५ साली बॉब डन याने विजेचे स्टील गिटार कंट्री संगीताच्या मुद्रणात आणले, आणि १९३६ साली लिऑन मॅकऑलिफ याचे 'स्टील गिटार रॅग' गाजले.

आवाजाचा प्रश्न सुटला. पण दुसरा त्याहून अवघड होता, आणि दोन्ही वाद्यांच्या वाटा खऱ्या अर्थाने येथेच फुटतात. पाश्चात्त्य गीताला एकाच वेळी अनेक स्वरांचा मेळ लागतो, आणि गीत पुढे सरकते तसा तो मेळ बदलतो. पोलादाचा तुकडा सरळ असतो. तो साऱ्या तारांना सारखेच अंतर पुढे नेतो. मग एकच मेळ वर-खाली करता येतो, दुसऱ्या जातीचा मेळ घडवायचा कसा? वादकांनी तुकडा तिरका धरून पाहिला, एखादी तार मागून ओढून पाहिली, तारा निरनिराळ्या प्रकारे लावल्या, एकाच वाद्याला दोन-दोन, तीन-तीन माना बसविल्या. हँक विल्यम्सच्या गाण्यांमागे डॉन हेल्म्स वाजवी ते असेच दोन मानांचे, पायपट्टी नसलेले वाद्य होते. अखेर १९५४ साली वेब पिअर्सच्या 'स्लोली' या गीतात बड आयझॅक्सने पायाखालची पट्टी दाबून, तारा वाजत असतानाच त्यांतील काहींचा स्वर चढविला. तो परिणाम इतका विलक्षण होता की, थोड्याच वर्षांत बहुतेकांनी जुने वाद्य बाजूस ठेवले. जेरी बर्डसारखा एखादाच निष्ठावंत पायपट्टीला नकार देत राहिला. १९७२ साली तो, जेथून हे वाद्य आले त्या हवाई बेटांवरच राहावयास गेला.

म्हैसूरच्या वाद्यावर हा प्रसंग आला नाही. आपल्या रागाला एकच षड्ज असतो, आणि तो आरंभापासून अंतापर्यंत हलत नाही. एकदा तारा लावल्या की त्या तशाच राहिल्या तरी चालते. वैविध्य आणायचे ते हाताने आणि गमकांनी. त्यामुळे तिकडे बुद्धी यंत्रात गुंतली, इकडे ती मनगटात उतरली. यात श्रेष्ठ-कनिष्ठ असा भेद करण्याचे कारण नाही. बाजाराने तिकडच्या वाद्याला मोठा आवाज आणि नवे मेळ मागितले; दरबाराने इकडच्या वाद्याकडे सूक्ष्मता मागितली. ज्याने आश्रय दिला, त्याच्या मागणीप्रमाणे वाद्याने रूप घेतले.

गंमत अशी की ही दोन कुळे पुढे भारतातच एकमेकांस भेटली. केकुकूच्याच लाइए गावी वाढलेला ताऊ मो हा वादक आशियाचे दौरे करीत आला आणि दुसऱ्या महायुद्धाच्या काळात कलकत्त्यास राहिला. बंगालमध्ये हवाईयन गिटार घरोघर झाली. सुनील गांगुली, बटुक नंदी यांच्या तबकड्या आपणही ऐकल्या आहेत. मुंबईच्या चित्रपटांत व्हॅन शिप्ले आणि हजारासिंग यांनी हेच वाद्य वाजविले. जोधपूरचे ब्रिजभूषण काब्रा यांनी त्यावर शुद्ध रागसंगीत आणले. १९६७ सालचे 'कॉल ऑफ द व्हॅली' त्याची साक्ष देते. विश्वमोहन भट्ट यांनी तरफेच्या तारा जोडून मोहनवीणा सिद्ध केली आणि १९९४ साली ग्रॅमी पारितोषिक मिळविले. १९९५ साली अमेरिकन ब्लूज गायक ताज महाल, मोहनवीणेवर विश्वमोहन भट्ट आणि चित्रवीणेवर नारायण अय्यंगारांचे म्हैसुरात जन्मलेले नातू रविकिरण यांचे एकत्र मुद्रण 'मुमताज महल' या नावाने निघाले. मिसिसिपीच्या चाकूपासून निघालेले गाणे, हवाईच्या पोलादापासून निघालेली तार आणि तंजावरच्या ठोकळ्यापासून निघालेली वीणा या तिघी एका खोलीत बसल्या, आणि त्यांना दुभाष्याची गरज लागली नाही.

तरीही ही कथा सुखान्त म्हणून संपविता येत नाही. नवीन आश्रय मिळाला की वाद्य जगते, हे जितके खरे, तितकेच आश्रय सरला की ते मुके होते हेही खरे. तेराव्या शतकातील एकतंत्री शार्ङ्गदेवाच्या ग्रंथात राहिली, कोणाच्या हातात राहिली नाही. तंजावरची गादी गेली, पाठोपाठ संस्थाने विलीन झाली आणि म्हैसूरचा राजाश्रयही इतिहासजमा झाला. वीणा शिकणारे विद्यार्थी शेकडो सापडतील. पडदे काढून टाकलेल्या दांडीपुढे बसण्याचे धैर्य करणारे आजही मोजकेच आहेत. श्रीनिवासरावांपासून सखारामरावांकडे, त्यांच्याकडून नारायण अय्यंगारांकडे आणि तेथून त्यांच्या पुत्र-पौत्रांकडे असा हा धागा एका हातातून दुसऱ्या हातात आलेला आहे, आणि तो किती बारीक आहे हे यावरून कळते. पूर्वी राजा जे करीत असे ते आता श्रोत्याने करावयाचे आहे. त्यासाठी खजिना लागत नाही. सभेत या वाद्याचा क्रम आला असता जागेवर बसून राहणे आणि कान देऊन ऐकणे, इतके पुरते.